कयाक घ्यायचीय? आधी खाडी बघा!

खिशात २५ हजार, घर तिसऱ्या मजल्यावर आणि डोक्यात जिताडा. रेवदंड्याच्या खाडीत जमवलेलं हे गणित तुमच्याही कामी येईल.

‘मला मासे पकडायला कयाक घ्यायचीय’ असं एकदा चारचौघांत म्हणून बघा. पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे काय?’ दुसरा, ‘कितीला पडते?’ आणि मुंबईकर असाल तर तिसरा हमखास, ‘ठेवणार कुठे?’ चौथा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. कोणत्या पाण्यात घालणार? खरं तर सगळं त्यावरच ठरतं.

माझं उत्तर होतं रेवदंडा. कोलाडला राफ्टिंग करताना जी कुंडलिका तुम्हाला उधळून लावते, तीच नदी रोह्यावरून रमतगमत इथे समुद्राला मिळते. एका काठावर पोर्तुगीजांचा रेवदंडा किल्ला, समोरच्या टेकाडावर कोर्लईचा किल्ला आणि मध्ये रुंद, शांत दिसणारी खाडी. पुलाच्या आत शिरलं की कांदळवन सुरू होतं. त्याच्या मुळांच्या जाळीत दबा धरून बसतो रायगडचा हीरो, जिताडा!

पण ‘शांत दिसणारी’ या शब्दांवर जाऊ नका. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका काकांना मी मोबाइलवर दोन कयाकचे फोटो दाखवले, कोणती घेऊ म्हणून विचारलं. त्यांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, ‘‘पोरी, होरी नंतर घे. आदी पानी बग.’’ मग सलग तीन वीकएंड मी तेच केलं. भाड्याच्या कयाकमध्ये बसून पाणी बघितलं.

पंचांगातला फंडा

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणपट करा. द्वादशी असेल तर १२ चे पाऊण ९, म्हणजे साधारण ९ वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. अंदाज म्हणून झकास. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच.

नवशिक्यांसाठी एकादशी-द्वादशीची सकाळ बेस्ट. (मासे पकडायला एकादशीला निघालोय हे घरी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा!) पहाटे वारा पडलेला असतो. ७ वाजता उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, भरती थबकली की गळ टाकायचा आणि उतरत्या पाण्याबरोबर ११ च्या आत परत. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि वारा आत ढकलत असतो. दोघांची टक्कर होते ती नेमकी खाडीच्या मुखाशी. तिथे उसळणाऱ्या पाण्यात दहा फुटी कयाकचं काहीच चालत नाही. म्हणून पुलाच्या पश्चिमेला जायचंच नाही. मोठे बार्ज जातात तो मधला खोल पट्टा सोडायचा आणि कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब राहायचं. आपला तो वीकएंड असतो, त्यांचं ते घर चालतं.

उशीर झाला तर आणखी एक संकट. पाणी ओसरलं की काठाला गुडघाभर चिखल उरतो आणि त्यातून २५ किलोचं धूड ओढत न्यायचं असतं. त्यामुळे कयाकचं वजन आधी विचारायचं, रंग नंतर.

मग कोणती?

पर्याय पहिला, हवा भरायची. घडी घालून कपाटात मावते, लोकलमधूनही नेता येते. धरणाच्या पाण्यावर मस्त. पण खाडीतल्या खडकांना आणि पुलाच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी धारदार. त्यात आपल्याच हातात गळ! शिवाय हलकी असल्यामुळे ती वाऱ्याबरोबर वाहवत जाते. रेवदंड्यासाठी बाद.

पर्याय दुसरा, आत पाय घालून बसायची. दिसायला स्मार्ट, चालीला वेगवान. मात्र उलटली की पाण्याने भरते. एकट्याने ती रिकामी करून पुन्हा आत बसणं नवख्याचं काम नाही.

पर्याय तिसरा, वर बसायची, म्हणजे ‘सिट-ऑन-टॉप’. जाड प्लॅस्टिकचं एकसंध पोकळ कवच, त्याला आरपार भोकं. वर आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. उलटली तर सरळ करायची, पोटावर सरपटत वर चढायचं. हे मी गळाभर पाण्यात दहा वेळा करून बघितलं. तुम्हीही रॉड हातात घेण्याआधी करा. लांबी १० फुटांच्या आसपास आणि रुंदी ३० इंच किंवा जास्त असली की बसून मासे पकडायला पुरेशी स्थिर. तुमचं वजन अधिक सामान हे कंपनीने दिलेल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच असू द्या.

पायाने पेडल मारायच्याही कयाक असतात. होबी कंपनीने १९९७ मध्ये ही सिस्टीम आणली आणि हात रॉडसाठी मोकळे झाले. आपल्या बजेटच्या गावात मात्र ही एसटी थांबत नाही!

सेकंडहँड, पण डोळे उघडे ठेवून

नवी सिट-ऑन-टॉप माझ्या बजेटबाहेर होती. पण मेच्या शेवटी, पावसाळ्यासाठी वॉटरस्पोर्ट्स बंद व्हायच्या सुमारास जुना माल निघतो. तेव्हा घासाघीस करायची. आधी कयाक उलटी करा आणि बूड बघा. ओरखडे असणारच, खोल घळ नको. भोकांच्या कडेला केसासारखी चीर आहे का, बोटाने चाचपा. रंग उडून खडूसारखा पांढुरका झाला असेल तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडून होती, प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असू शकतं. मग मागचं बूच काढून आत दोन बादल्या पाणी ओता. जिथून ठिबकेल तिथे घोटाळा. एम-सीलचा लपका दिसला तर सरळ नमस्कार करून निघा. या प्लॅस्टिकला ते धड चिकटत नाही, त्याला वेल्डिंगच लागतं.

मला १५ हजारांत एक पिवळी मिळाली. पण माझ्या यादीत ती दुसऱ्या नंबरवर होती. पहिलं घेतलं ३ हजारांचं फोमचं लाइफ जॅकेट, अंगावर घट्ट बसणारं, रॉड फिरवताना खांदे मोकळे ठेवणारं. वल्हं अडीच हजार. शिट्टी, दोरी, छोटा नांगर आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी मिळून दीड हजार. उरलेल्या ३ हजारांत रॉड, रील आणि गळ. झाले २५ हजार! पैसे कमी पडले तर रॉड साधा घ्या. जॅकेटमध्ये काटकसर करू नका.

ठेवायचं कुठे, हे कोडंही सुटलं. माझ्या मैत्रिणीच्या मावशीची रेवदंड्यात वाडी आहे. कयाक तिथल्या पडवीत, सावलीत, उपडी झोपते. ती मुंबईला येत नाही, मीच तिच्याकडे जाते. कारचा कॅरियर नको आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगीही नको.

आणि जिताडा? चौथ्या फेरीत लागला, वीतभर. सोडून दिला. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर त्याची मादी होते. छोटे उचलले तर माद्या होणार कुठून, आणि मोठ्या उचलल्या तर अंडी घालणार कोण? मधल्या मापाचा मिळेल तेव्हा मावशी कालवण करणार आहेत. तोवर बोय आहेत, शिंगाळे आहेत. (शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, पक्कड जवळ ठेवा.)

कसं जाल?

मुंबईहून : गेटवेहून मांडव्याला लाँच (पावसाळ्यात बंद) आणि पुढे बसने अलिबाग. कार न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो. ही सेवा २०२० मध्ये सुरू झाली. अलिबागहून रेवदंडा सुमारे १७ किलोमीटर, एसटी किंवा रिक्षा.

कधी : दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, पहाटे. पावसाळ्यात खाडी फक्त काठावरून बघा.

सोबत : एकटं जाऊ नका. किती वाजता परतणार, ते काठावरच्या कुणाला तरी सांगूनच उतरा.