डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

पीयूसीवाल्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं, नळी काढली आणि परत घातली. आकडा जवळपास तोच. कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के. आमच्यासारख्या बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर मर्यादा आहे ०.३ ची.

"फेल आहे साहेब," तो म्हणाला. मग आवाज खाली आणत, "वरचे तीनशे द्या, करून देतो पास."

मी फोन काढून क्यूआर कोड स्कॅनही केला होता. गाडी २०१० ची. पंधरा वर्षं भरत आलेली, म्हणजे आरसी रिन्यू करायला आरटीओत तपासणीसाठी न्यायची आणि त्याआधी पीयूसी हातात हवी. ऑफिसातून अर्धाच दिवस सुट्टी मिळालेली. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "अरे, पण मग ती खरंच फेल आहे का?"

मी फोन खिशात ठेवला. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला चार महिन्यांपासून माहीत होतं.

चार महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी ऑनलाइन सहाशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल मागवलं, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावलं आणि अ‍ॅपमध्ये कोड वाचला : पी ०१७१. म्हणजे इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. त्याच स्क्रीनवर 'क्लिअर' असं बटण होतं. दाबलं, दिवा गेला. बाबा खूश. "इंजिनीअर झाल्याचा काहीतरी उपयोग झाला!"

आठवड्याने दिवा परत लागला. परत बटण. असं मी पाच वेळा केलं. ऑफिसात कोड रिव्ह्यू करताना मीच ज्युनिअर मुलांना ऐकवत असतो, की एरर पकडून गिळून टाकू नका, ती का आली ते बघा. घरच्या गाडीत मी नेमकं तेच करत होतो.

पीयूसी केंद्रातून निघालो आणि बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वाटेत मला एक विसंगती छळत होती. अ‍ॅप म्हणतंय पेट्रोल कमी. पीयूसीचं मशीन म्हणतंय कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्ही खरं कसं असेल? मी निष्कर्ष काढूनच गॅरेजात शिरलो. "काका, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलून टाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. "गाडी रात्रभर इथंच राहू दे. सकाळी इंजिन थंड असताना या."

सकाळी त्यांनी बॉनेट उघडून गाडी चालू करायला सांगितली. टिक-टिक-टिक. बारीक आवाज, शिवणयंत्रासारखा. मग मला ओलं फडकं देऊन म्हणाले, "दोन सेकंद सायलेन्सरच्या तोंडावर धरा." मी धरलं, तसा पुढून फुस्स आवाज आला. इंजिनाला एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड जिथे जोडलेला असतो, तिथल्या पॅकिंगपाशी काजळीची काळी रेघ होती.

मग मला उलगडलं. एक्झॉस्टमधून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे आतला दाब पडतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो अजून सोडतो. सेन्सर बरोबर होता, कॉम्प्युटरही बरोबर होता. फक्त ती हवा इंजिनातून आलेली नव्हती. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट थोडी मिटते आणि टिकटिक थांबते. तोपर्यंत मी गाणी लावलेली असत.

मिस्त्रींनी हात पुसले आणि बाबांना विचारलं, "साहेब, काचा बंद करून, एसी लावून बसता का गाडीत?"

बसतात. आठवड्यातून तीन दिवस आईला फिजिओथेरपीला नेतात आणि ती येईपर्यंत तासभर पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून.

"गळती बॉनेटच्या आत आहे. गाडीत बाहेरची हवा येते ती काचेखालच्या जाळीतून. बॉनेटच्या मागूनच."

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. उन्हाळ्यापासून बाबा संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणत होते. मी त्यांना म्हणालो होतो, "चष्म्याचा नंबर बदलला असेल. मोबाइल कमी बघा." तोही एक दिवाच होता. तोही मी 'क्लिअर' केला होता.

दुरुस्ती दोन दिवस चालली. पॅकिंग नाना पेठेतून साडेतीनशेला आणलं. मजुरी मात्र वाढली, कारण गंजलेला एक स्टड काढताना तुटला आणि ड्रिल करून काढावा लागला. सगळे मिळून अठ्ठावीसशे. दरम्यान दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने फोनवर सल्ला दिला होता, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकू, आवाजपण भारी येईल. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड तिथेच होतो. जास्तीचं पेट्रोल तिथे जाऊन जळत राहिलं असतं तर जाळी वितळली असती. आमची वाचली.

परत त्याच पीयूसी केंद्रात गेलो. ०.१२. मुलगा म्हणाला, "सेन्सर बदलला का?"

बाबांची डोकेदुखी त्या फटीमुळेच होती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळीही बदलून दिली आहे. दुखणं कमी झालंय, एवढं खरं. आता थांबायचं असेल तर ते इंजिन बंद करून झाडाखाली उभे राहतात.

आरटीओची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. किल्ली फिरवली की पिवळा दिवा क्षणभर लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. बाबा दर वेळी सांगतात, "गेला बघ." मी गाणी लावायच्या आधी मिनिटभर थांबतो आणि ऐकतो.