खिडक्यांचा बंदोबस्त

भंडाऱ्यास कडाक्याची थंडी पडते, ही गोष्ट विदर्भाबाहेरील माणसाच्या गळी उतरविणे मोठे कठीण असते. कारण या मुलखाची कीर्ती बाहेर पोहोचली आहे ती वैशाखातील उन्हामुळे, आणि जेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेथे कोणास शाल पांघरून बसावे लागत असेल, ही कल्पना कोकणात वाढलेल्या माझ्यासारख्यास चमत्कारिकच वाटत असे. परंतु १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, जमाखर्चाच्या वाटणीची तपासणी निघाली, आणि त्या निमित्ताने बदली होऊन मी दसऱ्यानंतर मातोश्री व पत्नी यांसह येथे रुजू झालो, तेव्हा मार्गशीर्ष सरण्यापूर्वीच माझा हा समज साफ धुऊन निघाला.

खांब तलावाच्या बाजूस भाड्याने मिळालेले घर जुने, प्रशस्त आणि खिडक्यांच्या बाबतीत फार उदार होते. आमच्याकडे समुद्रावरचा वारा घरात यावा म्हणूनच खिडकी ठेवतात. येथील खेड्यांतून मात्र जाड मातीच्या भिंती, वर कवेलूचे छप्पर आणि हवेपुरता एक लहानसा झरोका, एवढ्यावरच पिढ्यान्‌पिढ्यांचा निभाव लागलेला दिसतो, आणि तो दारिद्र्यामुळे नव्हे, शहाणपणामुळे, असे माझे मत बनले आहे. आमच्या घराच्या मूळ मालकाने हे शहाणपण सोडून बंगल्याची हौस केली होती. त्या हौसेचे फळ उत्तरेच्या खोलीत निजणाऱ्या मातोश्रींच्या गुडघ्यांस भोगावे लागे; झडपा लावून, कड्या घालून आणि वर जाड पडदा सोडूनही पहाटे तो पडदा आपला हलतच असे.

शेजाऱ्यांच्या ओळखीने एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडण्यापूर्वी देवघरातून उदबत्ती मागितली. पंखा बंद, दारे बंद, बाहेर उत्तरेचा वारा, अशा वेळी त्यांनी ती पेटती उदबत्ती प्रत्येक खिडकीच्या कडेने सावकाश फिरविली, आणि धुराची सरळ रेघ जेथे जेथे आत वाकली तेथे तेथे खडूने खूण केली. दोषी ठरतील त्या झडपा, असा माझा कयास होता. परंतु सर्वांत अधिक खुणा चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर उमटल्या. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, ते आकसते रुंदीत, तंतूंच्या आडव्या दिशेने. त्यामुळे गिलाव्याखाली दडलेल्या उभ्या बाजूंनी वरपासून खालपर्यंत अखंड फट पडलेली असते आणि रंगाचे हात तिच्यावर पांघरूण घालीत राहतात. सिमेंट भरून टाकावे, ही माझी सूचना त्यांनी मान हलवून नामंजूर केली, कारण लाकूड ऋतुमानाने हलते आणि सिमेंट हलत नाही. त्यांनी सुतळी पिळून बोथट पटाशीने फटीत खोल ठोकली आणि वरून चुन्याचे पातळ लिंपण केले.

तावदानांभोवतीची लांबी दगडासारखी होऊन ठिकठिकाणी तडकली होती. ती खरवडून त्यांनी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांची नवी लांबी आमच्याच ओट्यावर मळली. हे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून ती पहिली काही वर्षे किंचित लवचिक राहते. धानाच्या उभ्या पिकात जवस आणि लाखोरी फेकून उतेरा घेणाऱ्या या जिल्ह्यात हा जिन्नस परका नव्हता. पत्नीने तर उरलेले तेल चटणीवर घेता येईल काय, अशी पृच्छा केली. झडपा जेथे चौकटीस टेकतात त्या खाचेत नमद्याच्या पट्ट्या सरसाने बसविल्या, आणि दोन झडपांच्या मिलनस्थानी लाकडी झाकपट्टी मारली. मातोश्रींच्या खिडकीस आतून प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ताणून लावण्यात आला; त्याच्या व काचेच्या मध्ये कोंडलेली स्थिर हवा काचेहून तिसाहून अधिक पट कमी उष्णता वाहू देते. काश्मिरात पिंजरकारीच्या जाळ्यांवर हिवाळ्यात कागद चिकटवीत, त्याच घराण्यातला हा उपाय.

मात्र दक्षिणेच्या खिडकीस हात लावण्याचे मिस्त्रींनी साफ नाकारले. “साहेब, पुरा बंद नोका करू जी. येक खिडकी मोकरी पाहिजे,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. त्याची पहिली सत्यता त्याच पंधरवड्यात पटली. घर उबदार झाले तरी मातोश्रींस रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी हवी होती, आणि फटी बुजलेल्या खोलीत शेगडी म्हणजे साक्षात यमाला आमंत्रण. कोळशातून निघणाऱ्या त्या विषारी वायूस ना रंग ना गंध, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. शेगडीचा अर्ज मी कायमचा फेटाळला. दोन दिवस अबोला सोसला. पुढे गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली.

दुसरी सत्यता उन्हाळ्यात कळली. कूलर उत्तरेच्या खिडकीत बसला, त्याच्या भोवतीच्या मोकळ्या जागा फळ्या व थर्माकोल घालून बंद केल्या, आणि सूर्य रोहिणीत येऊन नवतपा सुरू होताच साऱ्या घराचे चित्त त्या वाळ्याच्या ताट्यांवर एकवटले. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते, म्हणून ती गार होते. पण ती दमट हवा बाहेर काढून दिली नाही तर थोड्याच वेळात वाफ होणे मंदावते आणि खोलीत गारव्याऐवजी घाम उरतो. दक्षिणेची खिडकी वीतभर उघडी ठेवली की कूलरचा झोत सरळ घरातून पार होई. शेजारच्या नव्या, घट्ट खिडक्यांच्या घरात याहून मोठा कूलर रात्रभर घुमे आणि माणसे अंगणात खाटा टाकीत.

मृगाचा पाऊस लागला तशी झडपांची लाकडे फुगली आणि नमद्यामुळे दोन खिडक्या लागेनाशा झाल्या. घरमालकांनी तात्काळ रंधा मारून घेण्याचा हुकूम सोडला. मिस्त्रींनी येऊन झडपा पाहिल्या, बिजागरीच्या बाजूचा नमदा तेवढा सोलून काढला आणि रंधा पिशवीतच ठेवला. आता तासलेले लाकूड पौषात परत आकसेल तेव्हा तेवढीच फट नव्याने भरावी लागेल, हे घरमालकांस समजावून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले, आणि ते काम खिडक्यांच्या साऱ्या दुरुस्तीहून अधिक दिवस चालले.