मातीची भिंत

मराठी मुलखातील जुन्या खेड्यात जमिनीला दोन नावे असत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. या नावांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यात ज्वारी डोलते, पण तिची भिंत टिकत नाही. परसबागेला भिंत घालायची ती पांढऱ्या मातीची, बेताच्या चिकट आणि थोडी वाळू असलेल्या.

ही माती खड्ड्यात भिजवून तिच्यात गव्हाचा भुसा मिसळतात आणि पायांनी तुडवतात. काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळता येत नाही. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात, म्हणून वाळताना ती फारशी तडकत नाही. चिखल मुरला की त्याचे गोळे दाबून बसवत दीड-दोन फुटांचा थर घालायचा. तो सुकल्याखेरीज पुढचा थर चढवायचा नाही. घाई केली तर ओली भिंत स्वतःच्याच ओझ्याने खाली बसते.

उन्हाला ही भिंत भीत नाही. तिचा वैरी पाणी. म्हणून पायाशी दगडाचे हात-दीड हात उंच जोते हवे. ते जमिनीतली ओल आणि पावसाचे शिंतोडे अडवते. माथ्यावर कौलांची उतरती ओळ हवी, दोन्ही अंगांना वीतभर पुढे आलेली. ही जाण केवळ खेड्यापुरती राहिली नाही. केरळात घरे बांधणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी मातीच्या बांधकामावर सचित्र पुस्तिकाच लिहिली.

पक्केपणाच्या हौसेने काही जण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतात. हे मात्र नुकसानच. गिलाव्याला तडा जातो, तडीतून पाणी आत शिरते आणि तिथेच कोंडून राहते. शेणमातीचे लिंपण आतली ओल बाहेर जाऊ देते. ते दरवर्षी नव्याने करावे लागते. पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी. बहुधा घरातल्या बायकाच ते करतात. भिंतीला टिकाऊ म्हणताना त्यांच्या या कष्टांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

ज्या घरांतली माणसे पोटासाठी शहरांत गेली, तिथे लिंपणारे हात उरले नाहीत. तिथे आधी माथ्यावरचे एखादे कौल निसटते, भिंत वरून झिजू लागते आणि एखाद्या पावसाळ्यात अर्धी खाली येते. पडलेली माती सहसा वाया जात नाही. कुणी तीच भिजवून पुन्हा तुडवतो, नाही तर गाडीत भरून शेतात पसरतो.