करवीरनगरींतील धुळाक्षरें

करवीरक्षेत्रीं येणारा यात्रेकरू महालक्ष्मीचें दर्शन घेतो, सायंकाळीं रंकाळ्यावर वारा खातो आणि परततांना गुळाची ढेप व चपलांचा जोड घेऊन जातो. यंदाच्या सुटींत आम्ही तेथें आठ दिवस राहिलों, तें मात्र अक्षरें गोळा करण्यासाठीं, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. आमच्या धाकट्या बंधूंचा पांच वर्षांचा मुलगा परदेशीं वाढलेला. मराठी गोड बोलतो, इंग्रजी मुळाक्षरें बिनचूक लिहितो. पण बालबोध लिपि त्याला केवळ नक्षी वाटते. मंगळवार पेठेंतील आमच्या घरीं एका पेटींत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. आम्हां भावंडांपैकीं एकासही ते वाचतां येत नाहींत. एक लिपि घरांतून गेली. दुसरी जाऊं द्यावयाची नाहीं, असा मातोश्रींचा निश्चय.

या कामास ही नगरी सर्वथा योग्यच. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. आणि येथेंच लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं सृजन आनंद विद्यालय स्थापून शिक्षण आनंदाचें कसें करतां येतें हें दाखविलें.

प्रथम आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलों. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पांचवी गुप्त सरस्वती अशा पांच प्रवाहांची ही नदी. विद्यादेवीच्या नांवाचा प्रवाह डोळ्यांस दिसत नाहीं, पण मूठभर वाळू हातीं लागली. ती धुऊन, वाळवून, चाळून घेतली. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर कणकेच्या खळीनें ठळक अक्षर काढलें आणि वर वाळू पसरली. वाळल्यावर खरखरीत अक्षर तयार झालें. मुलानें त्यावरून लिहिण्याच्या वळणानें बोट फिरवावयाचें. माँटेसोरी बाईंचीं खरकागदी अक्षरें जगप्रसिद्ध आहेत. पण आमच्याकडील धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविणारीं मुलें याच तत्त्वावर शिकत होतीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालकांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां महाग साधनांऐवजीं बिया, शंख-शिंपले अशा भोंवतालच्या वस्तूच कामीं आणल्या. तोच कित्ता आम्हीं गिरविला. कुंभार गल्लींतून शाडू आणला. त्याच्या वळ्या करून मुलगा अक्षरें घडवूं लागला.

अक्षरांस चित्रें हवीं, म्हणून शहरभर हिंडलों. छापील तक्त्यावरील वस्तु मुलानें कधीं पाहिलेल्या नसतात. येथें र म्हणजे रंकाळा, भ म्हणजे भवानी मंडप, त म्हणजे तालीम, फ म्हणजे फेटा, आणि स म्हणजे आजीच्या गळ्यांतील साज. ळ पाशीं मात्र अडलें, कारण या अक्षरानें आरंभ होणारा शब्द मराठींत मिळत नाहीं. शाहूपुरींतील गुळाच्या बाजारांत तें कोडें सुटलें. गूळ या शब्दाच्या शेवटीं ळ भेटला, आणि चिरंजीवांनीं त्याचा अभ्यास जिभेनें केला.

क्रमाविषयीं एक सूचना करावीशी वाटते. क, ख, ग असें न चालतां आकारानें जवळचीं अक्षरें एकत्र घ्यावीं. ग, म, भ, न हीं एका कुळांतील. व ला आंत रेघ दिली कीं ब, शेपूट दिलें कीं क. प्रत्येक अक्षराचे दोन पुठ्ठे करावे, म्हणजे तीन अक्षरांतच मन, मग, नमन, गगन असे शब्द जुळतात. काना, मात्रा, वेलांटी यांच्या निळ्या पट्ट्या निराळ्या ठेवाव्या. अक्षराशेजारीं काना उभा करतांच उच्चार कसा पालटतो तें मूल आपण होऊन ओळखतें.

आमच्या वडील बंधूंस घरांत सारे नाना म्हणतात. ‘दोन दिवसांचा खेळ! मूल विमानांत बसलें कीं सारें विसरेल,’ असें त्यांचें मत होतें. सहाव्या दिवशीं मुलानें दोन न आणि दोन काने जुळवून तो पुठ्ठ्यांचा शब्द त्यांच्या वर्तमानपत्रावर आणून ठेवला. नानांनीं चष्मा पुसला, कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं अक्षरांसाठीं लांकडी पेटी सुतारास सांगून तेच करवून आले.

ती पेटी आतां परदेशीं गेली आहे. दर पंधरवड्यास मातोश्री तीन शब्दांचें पत्र धाडतात. मोठ्या शहाण्या माणसांनीं हंसावें इतकें तें लहान असतें. आलेल्या उत्तरांतही अजून चार-पांच अक्षरांहून अधिक नसतात, आणि त्यांतलें एखादें उलटें असतें. पण उत्तर येतें, तें बालबोधींत येतें. आणि मातोश्री तें पणजोबांच्या कागदांशेजारींच जपून ठेवतात.