त्राँब्लेंच्या मुलखात

मोंपार्नास स्टेशनावरून ग्रांव्हिलची गाडी पकडून लेग्लला उतरले आणि तिथून रस्त्याने तुरूव्रला गेले. नॉर्मंडीच्या कडेचा हा पेर्श प्रांत कुरणांचा, ओकच्या रानांचा आणि भारदस्त पेर्शेरों घोड्यांचा. क्युबेकमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव त्राँब्ले. त्याचा मूळपुरुष इथलाच. पिएर त्राँब्ले शेजारच्या राँदोने गावचा.

फ्रान्समध्ये या आडनावाला एक उगम नाही. ‘त्राँब्ल’ म्हणजे अ‍ॅस्पेनचं झाड. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जराशा झुळुकीनेही पान थरथरतं. अशा झाडांच्या राईवरून कितीतरी वस्त्यांना नाव पडलं आणि वस्तीवरून माणसांना, आपल्याकडच्या ‘करां’सारखंच. त्यामुळे इथले दोन त्राँब्ले एकमेकांचे कुणी लागतीलच असं नाही. आणि आज फ्रान्समध्ये हे आडनाव तसं विरळाच.

तुरूव्रमध्ये कॅनडाला गेलेल्या माणसांचं संग्रहालय आहे. पण मी रेंगाळले ती चर्चमध्ये. तिथल्या एका रंगीत काचचित्रात इथून कॅनडाला निघालेला ज्युलियाँ मेर्सिए आहे, तर दुसऱ्यात 1891 साली पूर्वजांचं गाव बघायला आलेला क्युबेकचा पंतप्रधान ओनोरे मेर्सिए. मध्ये अडीच शतकं गेली, तरी माणसं गावाला विसरली नव्हती. सतराव्या शतकात पेर्शमधून न्यू फ्रान्सला गेलेली माणसं जेमतेम अडीचशे भरतात. 1634 पासून रोबेर जिफारने आणि त्याच्यामागून तुरूव्रच्या ज्युशरो बंधूंनी करार करून माणसं नेली. पिएर 1647 मध्ये असाच तीन वर्षांच्या करारावर गेला.

तो परतला नाही. 1657 मध्ये क्युबेकला त्याने ला रोशेलच्या बाजूने आलेल्या ओझान आशोंशी लग्न केलं. त्यांना बारा मुलं झाली. आडनाव पुढे नेलं ते चार मुलग्यांनी. ओझानचं नाव मात्र कुणाच्याच आडनावात उरलं नाही, याची मला वाटभर चुटपुट लागून राहिली.

पुढचा प्रवास क्युबेक शहरापासून, सेंट लॉरेन्सच्या काठाने. 138 नंबरचा रस्ता पिएरची शेती होती त्या लांज-गार्दियाँवरून बे-साँ-पोलला जातो आणि मग तिथून 362 नंबरचा रस्ता डोंगर चढून लेझ एबुलमाँला. थोरला मुलगा पिएर इथला जमीनदार झाला. खाली नदी इतकी रुंद की समुद्रच वाटावा. दफनभूमीत फिरताना तेच आडनाव पुन्हापुन्हा वाचत गेले. एकाच गावात इतके त्राँब्ले झाल्यावर टोपणनावांची गरज पडणारच. 1838 मध्ये ला मालबेकडच्या एकवीस जणांनी वर्गणी काढून सागनेचं खोरं वसवायला घेतलं. त्यांचा म्होरक्या आलेक्सी त्राँब्ले ‘पिकोते’ म्हणून ओळखला जाई. पिकोते म्हणजे देवीचे व्रण असलेला.

त्यांच्याच मागाने मी सागनेतल्या ला बेला पोचले. मोजक्या घराण्यांची माणसं एका दुर्गम खोऱ्यात वाढली, त्याचे परिणाम इथल्या रक्तातही आहेत. टायरोसिनेमियासारख्या एरवी दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा इथे साधारण वीस जणांमागे एक वाहक असतो. संशोधकांनी चर्चच्या नोंदवह्या जोडून क्युबेकच्या लोकसंख्येची वंशावळ उभी केली. ‘बाल्झाक’ नावाचं हे काम 1972 पासून सागनेतच सुरू आहे. मला ते कुठल्याही स्मारकापेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यात ओझानलाही तिची जागा आहे.

मुक्कामाच्या घरची बाई त्राँब्ले, तिचे आई-वडील दोघेही त्राँब्ले. 1981 च्या कायद्यापासून क्युबेकमध्ये बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. पण तिच्या आईच्या बाबतीत तो प्रश्न आलाच नसता. जेवण झाल्यावर तिने टेबलावर दोन्ही घरांच्या वंशावळी पसरल्या. आईची ओळ थोरला मुलगा पिएर याच्यापासून, वडिलांची त्याचा भाऊ लुई याच्यापासून. बोट फिरवत ती एकेक पिढी वाचत गेली आणि वर पोचल्यावर दोन्ही ओळींत तिने आधी ओझान आशोंचं नाव घेतलं, मग पिएरचं.