अर्ध्या तिकिटाचा वसंत

भूगोलाच्या पुस्तकात वसंत नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, संपलं. हवामान खात्याच्या लेखी मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ. वसंत सापडतो तो मराठीच्या नाहीतर संस्कृतच्या पुस्तकात, म्हणजे दुसऱ्या बाईंच्या तासाला. मी साताऱ्यात हायस्कूलला भूगोल शिकवत होते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश, त्यात माण आणि खटाव हे तालुके, असं वर्षानुवर्षं फळ्यावर खडूच्या रेघा मारून दाखवलं. त्या रेघा मारलेल्या भागातच माझं माहेर. तिथे फाल्गुनात काय होतं, ते मात्र कुठल्या धड्यात नव्हतं.

तिथे पळस फुलायचा. ज्या माळावर दुसरं फारसं काही तगत नाही तिथे पळस तगतो. एरवी घरात त्याची किंमत पानांपुरती. आजी पानं आणून काड्या टोचून पत्रावळी लावायची. शिमगा जवळ आला की पानं झडायची आणि काळपट, वाकड्या फांद्यांवर केशरी फुलं यायची. आम्ही पोरं ती पाटीभर गोळा करून रात्रभर पाण्यात टाकायचो, सकाळी रंग तयार. मग चैत्र लागला की शिखर शिंगणापूरच्या कावडी रस्त्यानं जायला लागायच्या. हलगी ऐकू आली की बायका हातातलं काम टाकून घागर घेऊन बाहेर यायच्या आणि कावडीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायच्या. पुढे गावची जत्रा. पळस, कावडी, जत्रा या क्रमानं आमच्याकडे नवं वर्ष यायचं.

लग्न होऊन साताऱ्याला आले आणि हा क्रम गेला. यांची नोकरी ट्रेझरीत. सरकारी हिशेबाचं वर्ष 1867 पासून 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यात मोठी तारीख 31 मार्च. वर्षभर ज्या खात्यांना खर्च करायला सवड झालेली नसायची, ती सगळी शेवटच्या आठवड्यात बिलं घेऊन खिडकीवर उभी. टोकन, तपासणी, आक्षेप, दुरुस्ती, पुन्हा टोकन. रात्री बारानंतर उरलेली ग्रँट लॅप्स. हे पहाटे घरी यायचे, आमटी गरम करून वाढेपर्यंत पाटावरच डुलक्या घ्यायचे. पाडवा कधी नेमका त्याच आठवड्यात आला, तर गुढी मी उभारायची आणि श्रीखंड यांच्यासाठी झाकून ठेवायचं.

माझाही मार्च काही मोकळा नव्हता. दहावीची परीक्षा, सुपरव्हिजन, मग बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे. ते नियामकांकडे पोचते करेपर्यंत घरच्या वार्षिक परीक्षा उभ्याच. पाठोपाठ निकालपत्रकं. आम्ही दोघं मोकळे व्हायचो ते 1 मे उलटल्यावर. मग मुलीला घेऊन एसटीनं कुठेतरी जायचं: कोकणात, महाबळेश्वरला, नाहीतर माहेरी. मे महिन्यातला दुपारचा प्रवास. खिडकीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही, बाहेर डोंगर करपलेले, पळसाला मोठी हिरवी पानं आलेली आणि त्यामुळे तो इतर झाडांत मिसळून गेलेला. ‘या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं,’ असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि ते खरंच होतं. आम्हाला रस्त्यावर काढणारी सुट्टीच अशी होती, की वसंत उरकल्याशिवाय ती लागायची नाही.

हे आधी निवृत्त झाले. पहिल्या मार्चला त्यांची अवस्था बघवत नव्हती. 31 तारखेला संध्याकाळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेले आणि ट्रेझरीपुढच्या टपरीवर चहा पिऊन, आत दिवे चालू आहेत याची खात्री करून आले. पुढे मीही निवृत्त झाले. त्यानंतरच्या फाल्गुनात माहेरी कुणाचं तरी बारसं निघालं. एका साध्या बुधवारी आम्ही दहिवडीच्या गाडीत बसलो. कोरेगाव मागे पडलं, पुसेगाव आलं, आणि पुढच्या माळांवर पळस फुललेला दिसला. लग्नानंतर तो मी असा पाहिलाच नव्हता. यांनी तर जन्मात नाही; हे वाढले साताऱ्याच्या पेठेत. “हे काय आहे?” म्हणाले. मी सांगितलं, पत्रावळीचं झाड. यांना ते पटेना. येताना वाटेत उतरलो आणि पुढची गाडी येईपर्यंत एका झाडाखाली उभे राहिलो. वर भोरड्यांचा नुसता कालवा चाललेला. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे पक्षी हिवाळ्याला आपल्याकडे येतात आणि उन्हं तापली की उत्तरेला परततात. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही, फुलातल्या मधावर त्यांची झुंबड असते. हे बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “एवढी वर्षं ही ग्रँट लॅप्स होत होती म्हणायची.”

ट्रेझरीतला माणूस याहून वेगळं काय बोलणार! पण ते मला आजही नेमकं वाटतं. दर फाल्गुनात हे सगळं आमच्या नावावर मंजूर होत होतं. आम्ही उचललं नाही, आणि पुढच्या वर्षात ते ओढताही आलं नाही.

त्याच आठवड्यात यांनी एक लांबट रजिस्टर आणून रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, मार्ग, झाड, तिकीट, शेरा. मला हसू आलं होतं. पण आता त्या रजिस्टरात सातारा जिल्ह्याचा वसंत ओळीनं लागला आहे आणि तो ओळीनंच येतो, हे मला त्यातूनच कळलं. आधी पूर्वेच्या कोरड्या माळांवर पळस. मग घाटांत काटेसावर आणि पांगारा, दोन्ही लाल, दोन्ही काटेरी, दोन्ही पानं टाकून फुलणारे. लांबून यांची अजून गल्लत होते आणि रजिस्टरात खाडाखोड होते. पाडव्याच्या आसपास कडुनिंबाचा मोहर आणि पिंपळाची तांबूस पालवी. त्याच सुमारास कुसुंब. त्याची कोवळी पानंच इतकी लालभडक, की गाडीतले लोक फूल समजतात. चैत्र सरता सरता बहावा. आणि सगळ्यांच्या शेवटी गुलमोहर, जो मुळात मादागास्करचा. साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन साजरा होतो. चित्रकार, कवी, हौशी मंडळी फुललेल्या झाडांखाली जमतात. आम्ही नोकरीत असतानाही त्या दिवशी चक्कर मारायचो आणि वसंत पाहिला असं समजायचो. पाहिला होता तो पंगतीचा शेवटचा भात.

झाडांच्या मागं फिरताना माणसंही भेटतात, कारण या महिन्यांत गावं घरात बसत नाहीत. वाईजवळच्या बावधनचं बगाड रंगपंचमीला असतं. भैरवनाथाला नवस बोललेल्यांपैकी कुणाला मान द्यायचा, हे होळीच्या दिवशी कौल लावून ठरतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत भलं मोठं लाकडी बगाड शेतांमधून बैल ओढतात, आणि वर शिडाला बांधलेला बगाड्या अधांतरी. पहिल्यांदा मी डोळे मिटून घेतले. हे मात्र बैलजोड्या कुठे बदलतात ते बघत होते. तिथून मेणवली जवळच. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि 1739 च्या वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा. सुट्टीच्या दिवशी तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. मधल्या वारी दुपारी घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आणि आम्ही.

शिंगणापूरला चैत्र शुद्ध द्वादशीला गेलो. लहानपणी ज्या कावडी दारावरून जाताना पाहिल्या, त्या पोचतात कुठे ते पाहायचंच राहिलं होतं. सासवडहून येणारी भुतोजी तेल्याची मानाची कावड मुंगी घाटातून वर चढते. घाट म्हणायचा एवढंच, आहे तो उभा कडा. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि ‘हर हर महादेव’ म्हणत ती जड कावड वर ओढून घेतात. आमचे गुडघे पाहता आम्ही वरच्या बाजूला थांबलो होतो. कावड माथ्यावर आली तेव्हा आजूबाजूच्या बायांबरोबर मीही पुढे झाले आणि बाटलीतलं पाणी त्या माणसांच्या पायांवर ओतलं. घागर नव्हती, पण कुणी हसलं नाही.

महाबळेश्वर तर आम्हाला पाठ आहे असं वाटायचं: स्ट्रॉबेरी, पॉइंट, चणे. मेऐवजी चैत्रात गेलो, तर रानात अंजनी फुललेली. तिची फुलं थेट फांदीलाच लगडतात, निळी-जांभळी, आणि खाली उभं राहिलं की मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. तिथल्या मधाचं एवढं नाव का, ते तिथेच कळतं. जवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘स्ट्रॉबेरी घेतली नाही. मध घेतला.’

दोन वसंत मात्र लांब जाता आलं नाही. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि देशभरच्या लॉकडाउनचा तो पहिला दिवस. यांनी रजिस्टरात लिहिलं, ‘मार्ग: गच्ची. झाड: मागच्या गल्लीतला पिंपळ. तिकीट: निरंक.’ एकच पिंपळ रोज पाहिला, तर पानाचा रंग गुलाबीकडून पोपटीकडे कसा सरकतो ते कळतं, हे त्या वर्षीचं शिक्षण. पुढे 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या फाल्गुनात आम्ही पायीच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, चार भिंतींपर्यंत जात होतो. काटेसावरीला उमललेलं फूल चार-दोन दिवसांत खाली येतं, ते जाड आणि ओलसर असतं, पडताना चांगलं थप्प वाजतं. गाडीतून हे कधी कळलं नसतं.

तिकिटाच्या रकान्याचीही एक गोष्ट आहे. पासष्टीनंतर यांना अर्धं तिकीट सुरू झालं. मग 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं. आता कंडक्टर यांना म्हणतो, “आजोबा, आधार दाखवा,” आणि मला म्हणतो, “आजी, तुमचं राहू द्या.” हे पिशवी धुंडाळत बसतात. पंचाहत्तरी झाली की राज्यात कुठेही फुकट जाता येईल, असं मी यांना समजावते. हे म्हणतात, “सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. फुकट काही नसतं.” खरं तर आमची नजर पंचाहत्तरीवर नाही, गुडघ्यांवर आहे. निमआराम गाडीपेक्षा साधी गाडी आम्हाला बरी वाटते. ती गावोगावी थांबते आणि थांब्यावर बहुतेक वेळा एखादं झाड असतंच. अडचण पायरीची. ती दरवर्षी थोडी उंच होत चालली आहे.

ओळखीचे लोक विचारतात, “यंदा कुठे? केरळ की राजस्थान?” तेही करून झालं आहे आणि आवडलंही. पण तिथे आपण एकदा जातो आणि जे असेल ते बघून येतो. इथे दरवर्षी त्याच रस्त्याला गेल्यामुळे मागच्यापेक्षा पळस आठवडाभर लवकर आला का, हे समजतं. अमक्या बांधावरचं झाड नाहीसं झालं, तेही समजतं. यांच्या रजिस्टरात अशी काही झाडं आहेत, त्यांच्यापुढच्या शेऱ्यात फक्त ‘तोडले’ असं आहे. मी शिकवलेल्या भूगोलात ठिकाणं होती, तारखा नव्हत्या. यांच्या नोकरीत तारखा होत्या, ठिकाणं नव्हती. दोन्ही एकत्र आल्यावर हा जिल्हा आम्हाला नीट दिसायला लागला, असं म्हणता येईल.

मुलगी बंगळूरला आहे. तिच्या कंपनीत हिशेबाचं काम आणि तिचंही इयरएंड मार्चलाच. पुसेगावच्या पुढून मी तिला पळसाचे फोटो पाठवते, त्यावर रात्री अकराला अंगठा येतो. वडिलांचा मार्च तिच्या वाट्याला गेला, माझा मार्च नातवाच्या परीक्षेच्या रूपानं तिच्याच घरी गेला. यंदा माघातच यांनी रजिस्टरातली पळसाची पानं फोटो काढून तिला पाठवली, गेल्या सगळ्या वर्षांच्या तारखांसकट. खाली एकच ओळ: ‘ही ग्रँट पुढे ओढता येत नाही.’ तिचा तासाभरात फोन आला. दोन दिवसांची रजा मागितली आहे म्हणाली, मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. साहेबांनी अजून होय म्हटलेलं नाही.

ट्रेझरीत इतकी वर्षं काढलेला माणूस मंजुरीआधी खर्च मांडत नाही. यांनी मात्र तिकिटाच्या रकान्यात लिहूनही टाकलं आहे. हे ज्येष्ठ म्हणून अर्धं, मी बाई म्हणून अर्धं, आणि लेकही अर्धंच. तीन माणसांचं मिळून दीड तिकीट.