घराचा क्रम

आमच्या हुपरीत घर म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. पुढच्या सोप्यात चांदीचे काम चालते, परसात भट्टी असते आणि दुपारी घरातील स्त्रिया पैंजणांना घुंगरू जोडीत बसतात. म्हणूनच येथील घरे चांदीच्या भावाबरोबर वाढतात आणि भावाबरोबरच थांबतात. एखाद्या घराच्या माथ्यावर गंजलेल्या सळया दिसल्या, की त्या कुटुंबाचे कोणते वर्ष वाईट गेले असेल, याचा अंदाज जाणती माणसे बांधतात.

आमचे घर १९८० साली असेच थांबले. त्या जानेवारीत जगाच्या बाजारात चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचली होती. वडिलांनी चढत्या भावात माल भरला आणि त्याच भरवशावर उसनवारी करून घराचे कामही काढले. २७ मार्चला अमेरिकेतील बाजारात चांदी कोसळून अकरा डॉलरच्या आसपास आली. हंट बंधूंच्या सट्ट्याचे नाव वडिलांनी ऐकलेही नव्हते. पण देणेकरी दारात आले, तेव्हा जोत्यापर्यंत आलेले घर जागेसह विकावे लागले. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. वडिलांनी तेव्हा एकच वाक्य सांगितले : ‘‘घर आपल्या पैशाने बांध, नाहीतर बांधू नको.’’

ते वाक्य मी जन्मभर उराशी धरले. १९८३ साली बँकेत लागलो. इतरांची कर्जप्रकरणे मंजूर करीत असताना स्वतःसाठी मात्र कर्जाच्या अर्जावर सही करण्याचे धाडस झाले नाही. १९८९ मध्ये दीड गुंठा जागा घेतली. १९९१ मध्ये पाया व जोते बांधून त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. शौचालय व न्हाणी अंगणापलीकडे, कोपऱ्यात होती.

या टप्प्यावर काही गोष्टी बऱ्या जमल्या. पुढे वर मजला चढवायचा हे आधीच ठरवून नकाशा पूर्ण घराचा करून घेतला आणि पाया त्या मजल्याच्या भाराचा घेतला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते. म्हणून ती काढून खालच्या मुरुमापर्यंत खोदाई केली. भिंती मागाहून वाढविता येतात, पाया वाढविता येत नाही. उघड्या राहिलेल्या सळयांना सिमेंटचे पाणी फासून ठेवले, म्हणून त्या गंजातून वाचल्या. उलट, स्वस्त मिळाले म्हणून पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले. सिमेंट लागेल तेवढेच आणावे, हा धडा तेव्हा पैसे मोजून शिकलो.

१९९५ मध्ये हाती बावीस हजार रुपये शिल्लक होते. तोवर शेजारी दोन दुमजली घरे उभी राहिली होती. बँकेतला साहेब पत्र्याखाली राहतो, असे कोणी म्हटले नव्हते. पण ते मला ऐकू येत असे. मी पुढची आवारभिंत बांधली आणि लोखंडी फाटक बसविले. फाटकावर सुंदर नक्षी होती. सौ.ने एकदाच विचारले, ‘‘आधी न्हाणी आत घेतली असती तर?’’ मी म्हणालो, ‘‘पुढच्या वर्षी.’’

पुढच्या वर्षी आषाढात आई रात्री अंगणात गेली. हातात बॅटरी होती. पावसाळ्यात पायाखाली जीव येऊ नये म्हणून ती प्रत्येक पाऊल पाहून टाकीत असे. त्या रात्री वाटेत गांडुळे होती. ती वाचवायला तिने पाय बाजूला टाकला आणि शेवाळावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘‘फाटक चांगलं झालंय रे. पण मला रात्री तिकडं कुठं जायचं असतं?’’ त्या शब्दांत दोष नव्हता, म्हणूनच ते आजही सलतात.

न्हाणी व शौचालय आत घ्यायला अठरा हजार लागले. त्यासाठी कार्यालयातून उचल घेतली आणि काम तीन आठवड्यांत झाले. आई त्यानंतर आठ वर्षे होती, पण आधाराशिवाय चालली नाही.

मग मी माझ्या भीतीचा हिशेब मांडला. वडिलांचे वाक्य चुकीचे नव्हते. मी ते अर्धेच समजलो होतो. भावाच्या भरवशावर संपूर्ण घराचे कर्ज काढणे ही चूक. पण गरजेच्या एका खोलीसाठी, पगारातून फिटेल एवढे कर्ज टाळणे हीही चूकच. आकडे बोलके आहेत. दहा लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे नऊ हजारांचा आणि व्याज साडेअकरा लाखांहून अधिक. तेच दहा वर्षांत फेडले, तर हप्ता बारा हजार सहाशेच्या वर जातो, पण व्याज सव्वापाच लाखांच्या आतच राहते. म्हणून टप्पा लहान ठेवावा, मुदत लहान ठेवावी आणि पहिला टप्पा फिटल्यावरच दुसरा काढावा.

पुढे इंदूरच्या अरण्य वसाहतीविषयी वाचनात आले. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ती १९८०च्या दशकात आखली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तेथे तयार घर न देता जोते, पाणी, सांडपाण्याची सोय आणि शौचालय असलेला गाभा दिला. खोल्या ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायच्या. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मी फाटक बसवीत होतो! क्रम तोच होता, मी तो उलटा लावला होता.

२००३ मध्ये पत्रे जाऊन स्लॅब आला, स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी मिळाली आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण दिवा न लावता होऊ लागले. आईने ते एक वर्ष पाहिले. २०११ मध्ये वर दोन खोल्या झाल्या. मुलगा तिसरी काढू म्हणाला, तेव्हा मी थांबविले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना प्रारंभच क्षेत्र-वास्तूपासून, म्हणजे जमीन व घरापासून होतो. हळूहळू वाढणाऱ्या घराला मर्यादा आधी ठरविली नाही, तर ते कधीच पूर्ण होत नाही. आणि मालकालाही त्यात कधी स्वस्थ बसता येत नाही.

आमच्या समाजातील अनेक तरुण कुटुंबे आज दुकान सांभाळून घर उभारीत आहेत. त्यांना एवढेच सांगेन : बांधकामाचा पुढचा टप्पा ठरविताना रस्त्यावर उभे राहून घराकडे पाहू नका. घरातील सर्वांत वृद्ध माणूस रात्री कोणत्या वाटेने जातो, ती वाट एकदा स्वतः अंधारात चालून पाहा. पहिला पैसा त्या वाटेवर खर्च करा. फाटक नंतर बसविले तरी चालते.